खंडानंतरची मांड

घोडेस्वारी ज्या वयात सुटते आणि ज्या वयात ती पुन्हा आठवते, त्या दोन वयांच्या मध्ये सहसा एक आख्खा संसार पसरलेला असतो. नोकरी, बदल्या, मुलांच्या शाळा, आईवडिलांची आजारपणे यांत वीस-तीस वर्षे निघून जातात आणि पन्नाशीच्या आसपास एखादी बाई किंवा एखादे गृहस्थ पुन्हा पागेच्या दारात येऊन उभे राहतात. काही महिन्यांतच साध्या रपेटीने त्यांचे समाधान होईनासे होते आणि ड्रेसेजच्या एखाद्या लहानशा स्पर्धेत नाव घातले जाते. २० मीटर रुंद आणि ४० किंवा ६० मीटर लांब अशा रिंगणात, कडेला लावलेल्या अक्षरांच्या खुणांवर, आधीच ठरलेल्या आकृत्या घोड्याकडून काढून घ्यायच्या आणि प्रत्येक आकृतीला शून्य ते दहा गुण मिळवायचे, एवढेच सांगितले तर हा खेळ कवायतीसारखा वाटेल. प्रत्यक्षात तिथे पाहिले जाते ते हे की, बघणाऱ्याला जाणवणारही नाही इतक्या अल्प इशाऱ्यावर घोडा किती तोलाने, किती मोकळेपणाने चालतो. दीर्घ खंडानंतर परतणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असतो: पूर्वीचे किती लवकर परत येईल? प्रश्न वैयक्तिक वाटतो, पण तसा तो नाही. घोडा शिकवण्याच्या विद्येचा गेल्या तीन-साडेतीन हजार वर्षांचा इतिहास हाच मुळी खंडांचा आणि पुनरागमनांचा इतिहास आहे, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पुनरागमनाला गमावलेला काळ भरून काढण्याच्या घाईने गाठलेले आहे.

या विद्येचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना विस्तृत लेख मातीच्या विटांवर आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमारास मितान्नी राज्यातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने हित्ती राजांसाठी रथाचे घोडे तयार करण्याची पद्धत सांगितली आणि ती आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकॉय येथे, म्हणजे प्राचीन हत्तुशात, सापडली. त्यात फेऱ्यांसाठी आलेल्या संज्ञांत एक, तीन, पाच, सात, नऊ या आपल्याला ओळखीच्या आर्यभाषिक संख्या आढळतात, म्हणून भाषाशास्त्रज्ञांनी त्यावर पुष्कळ लिहिले. घोडेवाल्याच्या दृष्टीने मात्र त्याचे मोल वेगळे आहे. तो सहा-सात महिन्यांचा दिवसवार कार्यक्रम आहे: आज किती अंतर, कोणत्या चालीने, मग किती पाणी, किती वैरण, कधी अंघोळ, कधी नुसती विश्रांती. लढाई तोंडावर असणाऱ्या राज्याने घोड्याच्या स्नायूंसाठी अर्धे वर्ष राखून ठेवले होते, ही गोष्ट सहा आठवड्यांनी येणाऱ्या स्पर्धेचा अर्ज भरताना आठवलेली बरी.

त्यानंतर हजार वर्षांनी ग्रीसमध्ये झेनोफनने अश्वविद्येवर लिहिले तेव्हा तो उमेदवारीतला स्वार नव्हता. मोहिमा मागे पडल्या होत्या, अथेन्समधून हद्दपारी भोगून झाली होती, आणि उतारवयात आपल्या तरुण मित्रांसाठी तो आपला अनुभव नोंदवत होता. बळजबरीने घोड्याकडून जे करवून घेतले जाते त्यात ना समज असते ना सौंदर्य, हा त्याचा निष्कर्ष. तो त्याने सद्गुणाच्या भूमिकेतून नव्हे तर परिणाम पाहून काढलेला आहे, आणि म्हणूनच पुढे प्रत्येक पिढीला त्याच्याकडे परत यावे लागले. पण परत येण्याआधी प्रत्येक पिढी आधी दूर गेली.

सर्वांत लांबचा फेरा युरोपातल्या पुनरुज्जीवनकाळाने घातला. सोळाव्या शतकाच्या आरंभी झेनोफनची ग्रंथसंपदा छापून उपलब्ध झाली, इटलीत रिंगणातील घोडेस्वारीला नवी प्रतिष्ठा आली आणि १५५० मध्ये नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राचीनांची विस्मृतीत गेलेली कला पुन्हा उभी केल्याचा अभिमान त्या काळाला होता. उभे केले ते मात्र बाह्य रूप: मानेची कमान, उचललेले पाय, दरबाराला दिपवणाऱ्या उड्या. अडणाऱ्या घोड्यासाठी जळता पेंढा आणि काठीला बांधलेले मांजर असले उपाय त्याच परंपरेत सांगितले गेले. एक आख्खी संस्कृती शतकांच्या खंडानंतर या कलेकडे परतली तेव्हा शेवटचे चित्र तिला आठवत होते, तिथवर जाण्याच्या पायऱ्या आठवत नव्हत्या, आणि त्या पायऱ्यांची जागा तिने काटेरी टाचांनी भरून काढली. तीस वर्षांनी परतणाऱ्या एकट्या स्वाराची अडचण याहून फार निराळी नसते. आपण शेवटच्या स्पर्धेत कसे दिसत होतो याचे चित्र मनात लख्ख असते. त्याआधीच्या दोन वर्षांत रोज काय केले होते ते पुसले गेलेले असते.

ग्रिझोनेनंतरची दुरुस्ती सावकाश झाली. नेपल्समध्येच पिन्यातेल्लीच्या हाताखाली शिकलेला आंत्वान द प्लुव्हिनेल फ्रान्समध्ये परतला आणि बालवयीन तेराव्या लुईचा शिक्षक झाला. घोड्याच्या बुद्धीशी बोलावे, शिक्षा क्वचित करावी, हा त्याचा आग्रह त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या, राजाशी संवादाच्या रूपातील ग्रंथात नोंदला गेला.

इंग्लंडच्या विल्यम कॅव्हेंडिशची गोष्ट मात्र जरा थांबून पाहण्यासारखी आहे. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूचा पराभव झाला आणि उत्तरेचा हा सेनापती देश सोडून गेला. सैन्य गेले, जहागिरी गेली, डोक्यावर कर्ज झाले. अशा अवस्थेत अँटवर्पमध्ये, चित्रकार रूबेन्सच्या घरात भाड्याने राहून, त्याने घोडे शिकवण्याचे काम चालू ठेवले आणि १६५८ मध्ये घोडा घडवण्यावरचा आपला भव्य सचित्र ग्रंथ फ्रेंचमध्ये छापला. १६६० मध्ये राजसत्ता परत आली तेव्हा तोही मायदेशी परतला. साठी उलटलेली होती, दरबारात नव्या माणसांची गर्दी झाली होती. तो आपल्या जहागिरीवर गेला आणि आयुष्याची उरलेली वर्षे घोडे व लेखन यांत घालवून १६६७ मध्ये या विषयावर आणखी एक पुस्तक लिहिले. त्याच्या सगळ्या पद्धती सौम्य होत्या असे म्हणता येणार नाही. त्याने रूढ केलेल्या लगामाने घोड्याची मान जखडली जात असे आणि पुढच्यांना ते सोडून द्यावे लागले. पण हद्दपारीत सर्व काही सुटले तरी रोजचा सराव त्याने सुटू दिला नाही. त्यामुळे मायदेशी परतल्यावर त्याला हरवलेले काही शोधावे लागले नाही. १७३३ मध्ये फ्रेंच अश्वशिक्षक ला गेरिनिएरने खांदा आत वळवून चालवण्याचा जो व्यायाम सिद्ध केला, आणि जो आजही प्रत्येक ड्रेसेज घोड्याच्या शिक्षणात येतो, त्याची बीजे कॅव्हेंडिशच्या वर्तुळांत आहेत.

फ्रेंच राज्यक्रांतीने व्हर्सायची अश्वशाळा बंद पाडली. राजेशाहीबरोबर ती पुन्हा सुरू झाली, जुने वृद्ध शिक्षक परत आले, आणि १८३० मध्ये ती पुन्हा, या वेळी कायमची, मिटली. परंपरा हातोहात जाणारी असली की पंचवीस वर्षांचा खंड पुरेसा असतो; इमारत पूर्ववत होते, शिष्यांची मधली पिढी होत नाही. या पोकळीतच फ्रान्स्वा बोशेचा उदय झाला. सर्कशीच्या रिंगणात नाव कमावलेल्या या विलक्षण स्वाराने १८४२ मध्ये आपली नवी पद्धत जाहीर केली, आणि तिचे सर्वांत मोठे आकर्षण होते वेग. वर्षांचे काम महिन्यांत, कधी आठवड्यांत करून दाखवण्याची त्याची ख्याती. फ्रेंच सैन्याने पद्धतीची चाचणी घेतली आणि ती नाकारली, पण पॅरिस त्याच्या मागे होते. मग १८५५ मध्ये तालमीच्या वेळी सर्कशीच्या छताचे जड झुंबर त्याच्या अंगावर कोसळले. तो वाचला, पुन्हा लोकांसमोर घोड्यावर मात्र बसला नाही. पाय अधू झाले, पूर्वीच्या जोरदार टाचा शक्य राहिल्या नाहीत, आणि त्या अधू शरीराने घोड्यावर बसताना त्याला जे उमगले ते त्याची ‘दुसरी पद्धत’ म्हणून ओळखले जाते: हात बोलत असेल तेव्हा पाय गप्प, पाय बोलत असेल तेव्हा हात गप्प, आणि विरोध आढळला की थांबून पुन्हा शांत चालीवर यायचे. ताकदीच्या दिवसांतल्या बोशेवर आजही वाद होतात. ताकद गेल्यानंतरच्या बोशेला त्याचे टीकाकारही मान देतात. पन्नाशीत परतून, पूर्वीसारखे गुडघे आवळता येत नाहीत म्हणून खंतावणाऱ्याने त्याच्या या उत्तरायुष्याकडे अवश्य पाहावे.

आपल्याकडे या विद्येचे काय झाले? कौटिल्याच्या अश्वाध्यक्ष प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या चालींचे प्रकार व उपप्रकार आहेत. अमरकोशात पाच धारा आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात अश्वक्रीडेला स्वतंत्र स्थान आहे. मराठ्यांच्या काळात पागा, शिलेदार, बारगीर, चाबुकस्वार अशी पूर्ण व्यवस्था होती आणि भीमथडीच्या तट्टाने हिंदुस्थानभर मजल मारली. परंतु ती व्यवस्था मोहिमेसाठी होती, रिंगणासाठी नव्हती, आणि चाबुकस्वाराने घोडा कसा फेरला हे त्याच्या मुलाला किंवा चेल्याला ठाऊक असे, कागदाला नाही. १८१८ नंतर पागा मोडल्या तशी ती विद्याही पांगली. विसाव्या शतकात भारतात ड्रेसेज आले ते ब्रिटिश घोडदळाच्या रस्त्याने, आणि स्वातंत्र्यानंतर संस्थानांची उरलीसुरली घोडदळे, त्यांत शिंद्यांच्या ग्वाल्हेरचेही होते, एकत्र करून १९५३ मध्ये उभ्या राहिलेल्या ६१व्या कॅव्हलरीने ते सांभाळले.

युरोपातही तोवर ही कला गणवेशात शिरली होती. १९१२ मध्ये स्टॉकहोमला ड्रेसेज ऑलिंपिकमध्ये आले ते लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ म्हणून, इतके की पहिल्या चाचणीत अडथळ्यांवरून उड्याही होत्या. हा अधिकारीपणा कुठवर ताणला गेला याचा नमुना १९४८ चा. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडिश संघातला गेनाल पेरसन हा मुळात सार्जंट, त्याला ऑलिंपिकपुरते लेफ्टनंट केले गेले आणि नंतर पुन्हा खाली उतरवले गेले, हे उघड होताच संघाचे पदक काढून घेण्यात आले. १९५२ मध्ये नियम बदलला, तेच तीन स्वार पुन्हा आले आणि पुन्हा सुवर्ण घेऊन गेले. घोड्याला हुद्दा कळत नाही, हे क्रीडासंघटनेला मान्य व्हायला चाळीस वर्षे लागली.

त्याच १९५२ च्या हेलसिंकीत ड्रेसेजमध्ये स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक मिळवले. १९४४ मध्ये पोलिओने तिचे गुडघ्यांखालचे पाय निकामी केले होते. घोड्यावर चढताना-उतरताना तिला आधार लागे. पायांनी द्यायचे इशारे तिला पाठीच्या आणि वजनाच्या सूक्ष्म हालचालींनी द्यायला नव्याने शिकावे लागले, आणि ज्युबिली नावाच्या घोडीला ते ऐकायला शिकवावे लागले. आजारपण आणि पदक यांच्यामधली आठ वर्षे सरावात गेली, हे तिच्या कथेच्या गौरवगायनात हमखास मागे पडते.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वशाळेची आठवण इथे टाळता येत नाही. १५७२ पासून उल्लेख सापडणारी ही संस्था १९४५ मध्ये संपल्यातच जमा होती. संचालक अलोइस पोडहाइस्की, जो स्वतः १९३६ च्या ऑलिंपिकचा कांस्यपदकविजेता, त्याने बॉम्बवर्षावातून घोडे वरच्या ऑस्ट्रियातील संक्ट मार्टिनला हलवले आणि अमेरिकी सेनापती पॅटनसमोर खेळ करून संरक्षण मिळवले. पॅटन १९१२ च्या स्टॉकहोममध्ये आधुनिक पेंटॅथलॉन खेळलेला होता. याचकाची भाषा त्याला परकी नव्हती. आपल्या जुन्या पांढऱ्या सभागृहात शाळा परतली ती १९५५ मध्ये. मधल्या दहा वर्षांत तिने आपला मूळ क्रम सोडला नाही: नवा उमेदवार प्रथम लाँजवर, म्हणजे लांब दोरीच्या वर्तुळात, रिकीब नाही, हाती लगाम नाही, मांड बसेपर्यंत, आणि त्याला शिकवणारा घोडा म्हातारा, सर्व जाणणारा.

या सगळ्या पार्श्वभूमीवर अलीकडचे ज्याचे उदाहरण वारंवार दिले जाते त्या हिरोशी होकेत्सूकडे नीट पाहायला हवे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो उडीच्या स्पर्धेत उतरला आणि त्यानंतर थेट २००८ मध्ये, ६७ व्या वर्षी, ड्रेसेजमध्ये. २०१२ मध्ये लंडनला ७१ व्या वर्षी, व्हिस्पर नावाच्या घोडीवर. ४४ वर्षांचा खंड म्हणून वर्तमानपत्रांनी तो साजरा केला. पण तो खंड ऑलिंपिकमधला होता, खोगिरावरचा नव्हे. १९८८ मध्ये त्याची संधी घोड्याच्या विलगीकरणाच्या अडचणीने हुकली होती. औषधव्यवसायातल्या मोठ्या नोकरीच्या काळातही पहाटे घोड्यावर बसण्याचा नेम त्याने ठेवला होता, आणि निवृत्तीनंतर जर्मनीत आखेनला जाऊन, साठीनंतर, तो पुन्हा शिष्य झाला. अचानक परत येण्याची जी कथा आपल्याला हवी असते ती होकेत्सूची नाहीच. १९३६ मध्ये ७२ व्या वर्षी उतरलेला ऑस्ट्रियाचा आर्थर फॉन पोंग्राट्झ किंवा १९७२ च्या म्युनिकमधली सत्तरीची लॉर्ना जॉनस्टन यांच्याकडे पाहिले तरी एवढे दिसते की ड्रेसेज वयाला क्षमा करते.

भारताचे स्वतःचे पुनरागमनही याच जातीचे. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडमध्ये ६१व्या कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंग या अश्वारोहणाच्याच प्रकारात सुवर्ण मिळवले. १९८६ मध्ये सोलला ड्रेसेजच्या संघाला कांस्य मिळाले. मग ड्रेसेजमध्ये दीर्घ शांतता. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊमध्ये अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्याकृती सिंग आणि सुदिप्ती हजेला यांनी ड्रेसेजचे सांघिक सुवर्ण आणले आणि ४१ वर्षांनी अश्वारोहणातले सुवर्ण परत आल्याचे मथळे झळकले. २०२४ मध्ये अगरवाला पॅरिसला गेला, ऑलिंपिक ड्रेसेजमधला पहिला भारतीय म्हणून. अभिनंदनाच्या गदारोळात हे कमी बोलले गेले की हे चौघे वर्षानुवर्षे युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर, तिथल्या शिक्षकांकडे तयार झाले. पदक भारताचे असले तरी पागा युरोपची होती. देश म्हणून आपणही शेवटचे चित्र मिळवले आहे, पायऱ्या अजून घरी बांधायच्या आहेत.

आता त्या लहानशा स्पर्धेत नाव घातलेल्या पन्नाशीच्या स्वाराकडे वळू. त्याच्या गैरहजेरीत बरेच बदलले. वरच्या स्तरावरची ऐटबाज टॉप हॅट गेली. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सर्वांना हेल्मेट सक्तीचे झाले. घोड्याचे तोंड जबरदस्तीने छातीला टेकवण्याच्या प्रकाराला २०१० मध्ये जागतिक संघटनेने मनाई केली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, प्रशिक्षणात घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाच्या चित्रफितीमुळे शार्लट दुजार्डिनसारख्या विजेतीला माघार घ्यावी लागली. झेनोफनपासून चाललेला वाद आता मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चालतो, एवढाच फरक.

शरीराचे काय झाले ते मध्यरेषेवर कळते. ‘ए’ वरून आत यायचे, सरळ ‘एक्स’ पर्यंत, थांबायचे, लगाम एका हातात घेऊन सलाम करायचा. समोर ‘सी’ जवळ परीक्षक बसलेले. पंचवीस वर्षे खुर्चीत एका कुल्ल्यावर भार देऊन बसलेला माणूस घोड्यावरही तसाच बसतो, ते त्याला स्वतःला जाणवत नाही, पण घोड्याला जाणवते आणि तो जड बाजूच्या खाली सरकू लागतो. स्वार हाताने त्याला ओढून रेषेवर आणतो. त्याने मान वाकते आणि मागचा भाग बाहेर जातो. आता एकाऐवजी दोन चुका झाल्या, आणि परीक्षक समोरून दोन्ही पाहत आहेत. दुडकीत बसून राहण्याचा प्रयत्न केला की कंबर आखडते, टाच वर येते, घोडा पाठ ताठ करतो. वर, आपल्याकडे हौशी स्वाराला मिळणारा घोडा पुष्कळदा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड असतो. लगाम ताणला की त्यावर भार टाकून अधिक जोरात धावायचे, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले. लांब पायांनी कुशीला होणारा स्पर्श त्याला अनोळखी. त्यालाही घाईच विसरायची आहे.

म्हणून पहिली स्पर्धा चाल आणि दुडकीच्या प्राथमिक चाचणीची असावी, कँटर, म्हणजे हलकी दौड, पुढच्या हंगामाला ठेवावा, आणि चाचणी वाचून दाखवणारा माणूस नियमात बसत असेल तर संकोच न करता उभा करावा. ६० टक्के गुण मिळाले तर घरी ते समजावून सांगावे लागेल. दहावीच्या निकालात नव्वदीखाली तोंड लपवणाऱ्या आपल्या समाजाला, सहा गुण म्हणजे ‘समाधानकारक’ असा शेरा असतो, हे चटकन पटत नाही. पहिल्या महिन्यांचा खर्च नव्या बुटांवर किंवा जॅकेटवर न करता लाँजवरच्या धड्यांवर करावा, रिकिबी काढून.

पण हे धडे द्यायचे कोणत्या घोड्यावर? इथे प्रश्न स्वाराच्या हातचा राहत नाही. व्हिएन्नात म्हातारे घोडे शिक्षक म्हणून पोसले जातात. आपल्या क्लबांत स्पर्धेतून उतरलेला, सर्व इशारे जाणणारा घोडा म्हणजे बहुधा डोईजड खर्च. दाणा, वैरण, नाल, साईसाचा पगार, पशुवैद्य, हे सारे तरुण घोड्याइतकेच लागते आणि बदल्यात करंडक येत नाही, म्हणून तो विकला जातो किंवा कुणाच्या तरी फार्महाउसवर उभा राहतो. प्रौढ वयात परतणाऱ्यांची हौस खरी मानायची असेल तर प्रत्येक मोठ्या क्लबाने असे दोन घोडे निव्वळ शिकवण्यासाठी ठेवावेत, आणि त्यांच्या दाण्यावैरणीचा वाटा स्पर्धेच्या प्रवेशशुल्कात उघडपणे धरावा.